दऱ्यांचा दर्या : नवोदितांच्या साहसकथा छापतानाच्या नोंदी

८ मे २०२५, लातूर

मराठवाड्यातील नवोदित लेखकांच्या साहसकथांचा एक संग्रह काढायचे आम्ही तिघांनी आज नक्की केले. मी निवृत्त मराठी शिक्षक, दुसरे एका वाचनालयाचे ग्रंथपाल आणि तिसरे वीस वर्षे अक्षरजुळणीचे काम करणारे गृहस्थ. प्रत्येकी ३०,००० असे ९०,००० रुपये बाजूला काढले आहेत. हेच काम उद्या दुसऱ्या कोणी अंगावर घेतले, तर निदान आमच्या चुका तरी त्याला आयत्या मिळाव्यात, म्हणून या नोंदी ठेवत आहे.

आवाहन असे पाठवले : कथा अप्रकाशित असावी, ३,००० ते ५,००० शब्दांची असावी, लेखकाचे याआधी एकही पुस्तक निघालेले नसावे, मुदत १५ जून, निवड झाल्यास मानधन २,००० रुपये. आठही जिल्ह्यांतील वाचनालये आणि महाविद्यालयांच्या मराठी विभागांकडे ते गेले आहे.

१८ जून

एकूण ४७ कथा आल्या. आवाहनात फाइलचा प्रकार सांगायचा राहून गेला, त्याची शिक्षा लगेच मिळाली. २१ कथा वॉट्सअ‍ॅपच्या संदेशांतून तुकड्यातुकड्यांनी आल्या, ११ पीडीएफ आल्या, ९ जणांनी वहीच्या पानांचे फोटो पाठवले आणि ६ कथा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टांत होत्या, ज्या आमच्या संगणकावर नुसत्या इंग्रजी अक्षरांचा चिवडा म्हणून उघडल्या. सगळ्या एका साच्यात आणायला आठ दिवस गेले. आवाहनात ‘युनिकोडमध्ये टंकलेली एकच फाइल किंवा टपालाने हस्तलिखित’ एवढे एक वाक्य असते, तर हे आठ दिवस वाचले असते.

मजकुराबद्दलची निराशा वेगळीच आहे. अठरा कथा हिमालयात, आफ्रिकेत किंवा नाव नसलेल्या घनदाट अरण्यात घडतात, आणि लिहिणाऱ्याने ते काही पाहिलेले नाही हे दुसऱ्या परिच्छेदातच कळते. पाच कथांत नायकाला किंवा नायिकेला साप चावतो आणि सोबती जखमेला तोंड लावून विष शोषून काढतो. जखमेला चिरा देणे, विष चोखणे, हातपाय करकचून बांधणे यांनी अपायच होतो. दंश झालेल्या माणसाला फारसे हलू न देता प्रतिसर्पविष मिळेल अशा रुग्णालयात लवकर पोहोचवणे हाच उपाय आहे. शेतात वावरणारी मुले हे पुस्तक वाचतील असे आम्ही धरून चाललो आहोत, त्यामुळे या पाचही लेखकांना तसे कळवले. दोघांनी प्रसंग बदलून पाठवला. त्यांतील एकाची कथा उलट चांगली झाली, कारण बैलगाडी, ट्रॅक्टर आणि शेवटी दुधाची गाडी असे करत दवाखाना गाठण्याची घाई चोखलेल्या विषापेक्षा कितीतरी जास्त धडधड निर्माण करते.

२ जुलै

बारा कथा पुढच्या फेरीत घेतल्या आणि त्या बाराही लेखकांना एकच पत्र पाठवले. त्यात तीन प्रश्न होते. कथा जिथे घडते तिथे आपण स्वतः किती वेळा गेला आहात? कथेतील एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जायला पायी किती वेळ लागतो? कथा ज्या महिन्यात घडते त्या महिन्यात तिथे पाणी, उजेड आणि माणसे असतात का?

एका लेखकाने ‘ही परीक्षा आहे का?’ असे विचारून कथा मागे घेतली. पत्राचा सूर खरोखरच शाळामास्तरी होता. पुन्हा लिहायचे झाल्यास प्रश्न तेच ठेवीन, पण आधी कथेतील काय आवडले ते सांगीन.

तिसऱ्या प्रश्नाचा उपयोग मात्र लगेच दिसला. नळदुर्गच्या किल्ल्यावर घडणाऱ्या एका कथेत चोरांचा माग काढणारी मुले नर-मादी धबधब्यांच्या आवाजाआड लपून बोलणे ऐकतात, आणि कथा एप्रिलातली आहे. ते धबधबे बोरी नदीला पावसाळ्यात पाणी आले आणि बंधाऱ्यावरून वाहू लागले म्हणजेच पडतात, एप्रिलात तिथे कोरडी भिंत असते. लेखकाने महिना बदलून सप्टेंबर केला. तसे करताच मुलांचा परतीचा रस्ताही निसरडा झाला आणि मूळ कथेत नसलेली दोन पाने आपोआप लिहून झाली.

१३ जुलै

देवगिरीच्या किल्ल्यावर आम्ही तिघे आणि कथेचा लेखक असे जाऊन आलो. एसटी, जेवण आणि एक मुक्काम धरून ३,८०० रुपये गेले. आमच्या ताळेबंदात ही रक्कम कुठेच नव्हती.

कथेत दोन भाऊ खंदक ओलांडून ‘अंधारी’त, म्हणजे कातळात खोदलेल्या त्या भुयारी वाटेत, संध्याकाळी अडकतात आणि ‘दूर वर दिसणाऱ्या उजेडाच्या ठिपक्याकडे’ चालत सुटतात. लेखक शाळेच्या सहलीत एकदाच तिथे गेला होता. प्रत्यक्षात ती वाट वळणे घेत चढते, पायऱ्या एकसारख्या नाहीत, आणि मधल्या टप्प्यात टॉर्च बंद केली तर तोंडासमोर धरलेला हातही दिसत नाही. उजेडाचा ठिपका तिथे दिसेलच कसा? वाट वळती आणि काळोखी ठेवणाऱ्यांचा हेतूच मुळी वर येणाऱ्या शत्रूला काही दिसू नये असा होता. आम्ही पायऱ्या मोजत चढलो, तर चौघांचे चार आकडे आले. कोणाचा बरोबर यावर वाद सुरू असताना लेखक एकदम गप्प झाला. परतीच्या गाडीत त्याने सांगितले की थोरला भाऊ धाकट्याला धीर देण्यासाठी पायऱ्या मोजत राहील आणि मध्येच त्याची गणती चुकेल, पण ते तो धाकट्याला कळू देणार नाही. त्या ३,८०० रुपयांचे जे काही झाले ते या एका प्रसंगात झाले, आणि मला ते महाग वाटत नाही.

२७ जुलै

या कामातील माझी सर्वांत मोठी चूक आज लिहून ठेवतो.

केज तालुक्यातील एका तरुण लेखिकेची कथा आम्हा तिघांनाही पहिल्या वाचनातच आवडली होती. त्यांचे वडील यारीवर, म्हणजे गाळ-दगड वर ओढणाऱ्या यंत्रावर, विहिरी खोदतात. कथेत मे महिन्यात गावाच्या जुन्या विहिरीत पडलेली मोटर काढायला एक मुलगी उतरते. खूप दिवस बंद असलेल्या विहिरीत तळाशी वाईट हवा साचते आणि उतरणारा माणूस तिथेच गुदमरतो, हे ठाऊक असलेली तिची आजी आधी दोराला पेटता कंदील बांधून खाली सोडते. तो विझला तर माणूस उतरवायचा नाही, असा त्या घरातला शिरस्ता. कथेत कंदील तळापाशी फडफडतो, पण विझत नाही, आणि तिथून पुढची कथा त्या फडफडण्यावरच उभी आहे.

या कथेवर मी शुद्धलेखनाबरोबरच भाषेचाही हात फिरवला. ‘यारी’चे ‘क्रेन’ केले, विहिरीची खोली मोजायच्या ‘परस’चे ‘फूट’ केले, ‘नाड्या’चा ‘दोरखंड’ केला आणि ‘कुठं जायलीस?’ असे विचारणाऱ्या आजीच्या तोंडी ‘कुठे चालली आहेस?’ घातले. चाळीस वर्षे वह्या तपासल्याची ही सवय आहे. फाइल गेल्यावर त्यांचा फोन आला. त्या रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, “सर, वाचून आईनं विचारलं, ही कोणत्या गावची विहीर आहे?”

सगळे बदल मागे घेतले. मूळ फाइलवरच काम केल्यामुळे आधीचा मजकूर जुन्या संदेशांतून पुन्हा गोळा करावा लागला आणि नऊ दिवस गेले. नियम असा केला की निवेदन प्रमाण मराठीत असेल तर त्याला मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे अठरा नियम लावायचे, संवादांतील एकही क्रियापद लेखकाला विचारल्याशिवाय बदलायचे नाही, आणि वस्तूंची नावे लेखक लिहील तीच ठेवायची. शिवाय मूळ फाइल कधीही उघडायची नाही, तिची नक्कल करून घ्यायची.

माझी एक सूचना मात्र टिकली. त्यांच्या कथेत नाडा कमी पडतो, पण विहीर किती खोल आणि नाडा किती लांब हे वाचकाला आधी ठाऊक नसते, त्यामुळे तो कमी पडल्याचे कळते पण भीती वाटत नाही. मी सुचवले की विहीर दहा परस आणि नाडा आठ परस असे आधीच येऊ द्या. त्या म्हणाल्या, “सर, दहा परसाच्या विहिरीवर आठ परसाचा नाडा घेऊन कोणी जात नसतंय.” दोन दिवसांनी त्यांनीच वाट काढली : गेल्या साली आठ परसावर पाणी लागत होते, म्हणून घरात नाडा तेवढाच आहे, आणि यंदा पाणी दहावर गेले हे मुलगी लोंबकळत असतानाच सगळ्यांना कळते. दुष्काळाचे एकही वर्णन न करता दुष्काळ त्या कथेत आला. मला हे सुचले नसते.

६ ऑगस्ट

हैदराबाद मुक्तिसंग्रामावरील कथा घ्यायची की नाही यावर आमच्यात मतभेद होते, कारण आवाहनात आम्हाला आजच्या काळातील कथा अपेक्षित होत्या, पण ते लिहायचे आम्हीच विसरलो होतो. कथा उमरग्याच्या एका लेखकाची आहे. एक मुलगा सोलापूर जिल्ह्यातील, सरहद्दीवरच्या मुक्तिसैनिकांच्या कॅम्पातून निजामाच्या हद्दीत चिठ्ठ्या पोहोचवतो.

त्यात दोन अडचणी होत्या. १५ ऑगस्ट १९४७ रोजी गावात मिरवणूक निघते आणि शाळेवर तिरंगा फडकतो, असे पहिल्याच पानावर होते. त्या दिवशी हैदराबाद संस्थान भारतात नव्हते. १३ सप्टेंबर १९४८ रोजी सुरू झालेल्या पोलीस कारवाईनंतर १७ सप्टेंबरला ते आले. म्हणजे त्या गावात तिरंगा लावणे हा उत्सव नसून गुन्हा होता. लेखकाला हे तारखांनिशी ठाऊकच होते, दरवर्षी तो मुक्तिसंग्राम दिनाला झेंडावंदनाला जातो, फक्त लिहिताना हात सवयीने ऑगस्टकडे गेला. मिरवणूक काढून टाकली आणि रात्री झेंडा लावून पहाटेच्या आत उतरवण्याचा प्रसंग त्या जागी आला.

दुसरी अडचण पैशांची होती. मुलगा हद्दीच्या आत नुसते ‘दोन रुपये’ देतो. निजामी मुलुखात निजामाचे स्वतःचे नाणे, हाली शिक्का, चाले आणि ब्रिटिश हिंदुस्थानातील रुपयाला कलदार म्हणत. कॅम्पातून आलेल्या मुलाच्या खिशात कलदार असणार, आणि एखाद्या संशयी माणसासमोर नेमका तोच बाहेर निघाला तर मुलगा कुठून आला हे न बोलताच कळते. लेखकाने ते नाणे कथेच्या मध्यावर आणून ठेवले. कथा संग्रहात घ्यायची हे यानंतर वादाशिवाय ठरले.

१९ ऑगस्ट

करारनामे झाले. पहिला मसुदा मी एका जुन्या पुस्तकाच्या श्रेयनामावलीतील ‘सर्व हक्क प्रकाशकाधीन’ या ओळीवरून बेतला होता, आणि परभणीच्या लेखकाने तो सही न करता परत पाठवला. त्याचे बरोबर होते. २,००० रुपयांत कोणाचे सर्व हक्क घेण्याचा आम्हाला काय अधिकार? कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम १९ नुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी लागते, त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. आम्ही गृहीतकांवर काही न सोडता स्पष्ट लिहिले : मराठी छापील पुस्तकापुरते हक्क, तीन वर्षे, भारतात, आणि अनुवाद, ध्वनिमुद्रण, नाटक-चित्रपट हे सर्व लेखकाकडे. मानधन सहीच्या दिवशीच दिले. ९ लेखक, १८,००० रुपये. बारांतील एक कथा आधीच परत गेली होती, आणखी दोन पुनर्लेखनात उभ्या राहिल्या नाहीत.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाच्या ओळख-क्रमांकासाठीही अर्ज केला होता. तो दिल्लीच्या राजा राममोहन राय राष्ट्रीय संस्थेकडून ऑनलाइन आणि विनामूल्य मिळतो. एका मध्यस्थाने आमच्याकडे त्यासाठी १,५०० रुपये मागितले होते. आम्हाला क्रमांक मिळायला एकोणीस दिवस लागले.

३० ऑगस्ट

अक्षरजुळणी सुरू आहे. इनडिझाइन या पानांची मांडणी करणाऱ्या प्रणालीत परिच्छेदासाठी वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडला नाही तर जोडाक्षरे फुटतात आणि पहिली वेलांटी चुकीच्या जागी जाते. आमच्या भिडूंना हे माहीत होते, तरी एका कथेत ते लावायचे राहिले आणि सोळा पाने पुन्हा बसवावी लागली. फॉन्ट खुल्या परवान्याचा घेतला, ज्यात ल आणि श मराठी वळणाचे आहेत.

खरा त्रास ‘ऱ्य’ने दिला. दऱ्या, वाऱ्यावर, पायऱ्या, किनाऱ्याला, कोपऱ्यात अशा शब्दांतील अर्धा र जुन्या फॉन्टांत स्वतंत्र खुणेने येतो. रूपांतर करणाऱ्या प्रणालीने त्याचा सरसकट रफार केला, त्यामुळे ‘पायर्या’, ‘वार्यावर’ असे शब्द तयार झाले. मोबाइलवर टंकणाऱ्यांपैकी अनेकांचेही तेच होते, कारण युनिकोडमध्ये इथे साधा र चालत नाही, खाली टिंब असलेला ऱ घ्यावा लागतो. मी घाईने ‘सगळीकडे बदला’ ही आज्ञा दिली आणि पुस्तकभर ‘सूऱ्य’ उगवला, ‘धैऱ्य’ खचले आणि ‘कार्यालया’चे ‘काऱ्यालय’ झाले. सगळे परत फिरवून एकेक शब्द हाताने तपासला. दोन संध्याकाळी गेल्या.

१२ सप्टेंबर

प्रेस दिवाळी अंकांत बुडालेला आहे. आमचे काम दिवाळीनंतरच हातात घेतले जाईल असे सांगण्यात आले. ही गोष्ट मे महिन्यात विचारायला हवी होती, कारण ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात कोणत्याही लहान प्रकाशकाला मशीन मिळणे कठीणच असते. दिवाळीच्या सुट्टीत पुस्तक मुलांच्या हाती देण्याचा बेत त्यामुळे फसला.

मिळालेल्या वेळात टपालाचे गणित केले. डिसेंबर २०२४ मध्ये टपाल खात्याची पुस्तकांसाठीची जुनी सवलतीची सेवा बंद झाल्यापासून लहान प्रकाशकांची अडचण झाली होती. १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झाली. तिचा दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. म्हणून कागद निवडायला आम्ही स्वयंपाकघरातला वजनकाटा घेऊन बसलो. पुस्तक १/८ डेमी आकाराचे, पाने तेव्हा २१३ होत होती. एका फॉर्ममध्ये सोळा पाने, म्हणजे चौदा फॉर्म आणि अकरा पाने कोरी. ८० जीएसएम (चौरस मीटरला ८० ग्रॅम) कागदाचा नमुना पुठ्ठ्याच्या वेष्टनासह ३३० ग्रॅम भरला आणि ७० जीएसएमचा २९७. पुस्तकामागे वाचतात थोडेच रुपये, पण कागदही स्वस्त पडतो, म्हणून ७० घेतला.

या निर्णयाचा तोटा आत्ताच लिहितो. चित्रकाराने विहिरीच्या आणि अंधारीच्या चित्रांत भरपूर काळा रंग भरला आहे, आणि ७० जीएसएमच्या पातळ कागदावर तो मागच्या पानावर उमटतो. चित्रे काढायला देण्यापूर्वी कागद ठरवायला हवा होता. आता चित्रांच्या मागची पाने कोरी ठेवणे परवडत नाही. चित्रकाराला विनंती करून तीन चित्रांतील काळे भाग आडव्या रेघांनी भरून घेतले, बाकीची तशीच राहतील.

ग्रंथपालांनी ज्ञान पोस्टचे नियम नीट वाचले म्हणून आणखी एक अडचण टळली. जाहिराती असलेले प्रकाशन त्या सेवेत चालत नाही. शेवटच्या पानासाठी एका दुकानदाराकडून ३,००० रुपये घेतले होते, ते परत केले.

२६ सप्टेंबर

परंडा तालुक्यातील लेखकाशी सहा दिवसांनंतर आज बोलणे झाले. सीना नदीच्या पुराने तो सगळा पट्टा पाण्याखाली गेला होता, माणसांना हेलिकॉप्टरने काढावे लागले. ते आणि घरची माणसे सुखरूप आहेत, जनावरे सगळी वाचली नाहीत.

त्यांची कथा पुराचीच होती. नायक तोंडात टॉर्च धरून रात्री पुरातून पोहत जातो आणि औषध घेऊन पोहत परत येतो. फोनवर ते म्हणाले, “सर, ती गोष्ट काढून टाका. तसं काही नसतं.” काढून टाकतो असे सांगितले. मानधन परत करायचे म्हणाले, ते घेण्याचा प्रश्नच नव्हता. ते पान मी जुलैमध्ये तपासले होते आणि ‘प्रसंग वेगवान’ असा शेरा मारला होता.

१६ ऑक्टोबर

परंड्याहून पाकीट आले. अकरा पाने, हाताने लिहिलेली, कथा तीच म्हणता येईल आणि वेगळीही. पोहणे नाही, टॉर्च नाही. गोठ्यात पाणी शिरल्यावर अंधारात म्हशींची दावी सोडायची आहेत आणि ओल्या गाठी सुटत नाहीत, विळा नेहमीच्या खुंटीला आहे पण खुंटी पाण्याखाली आहे. नंतरची रात्र सगळे घर माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, बसून आहे, आणि लेखकाने त्या रात्रीत फक्त आवाज लिहिले आहेत. मी विरामचिन्हांपलीकडे कशालाही हात लावला नाही. छापायची का, असे पुन्हा विचारले. छापा, पण गावाचे नाव नको, असे उत्तर आले.

२२ पानांची कथा आता १५ पानांवर आली आणि पुस्तक २०६ पानांचे झाले. तेरा फॉर्म, दोन पाने शिल्लक. तिथे यारी, परस, नाडा, दावे, माळवद, हाली, कलदार अशा शब्दांचे अर्थ दिले. ते लेखकांकडूनच लिहून घेतले.

४ नोव्हेंबर

छपाई सुरू झाली आणि पाचवा फॉर्म उतरत असताना मशीनवरच्या माणसाने फोन करून विचारले, “सर, आपल्या बीडात समुद्र कधी आला?”

बालाघाटच्या डोंगरात घडणाऱ्या कथेत ‘पायाखाली दर्या आणि हातात एकच दोर’ असे वाक्य छापले गेले होते. ‘पायर्या’ आणि ‘वार्यावर’ मुद्रितशोधकाने बरोबर पकडले, कारण असे शब्द मराठीत नाहीत. ‘दर्या’ मात्र आहे, शुद्धही आहे, आणि वाक्यात तो असा शोभत होता की मुद्रितशोधकांनी, मी आणि खुद्द लेखकाने तो तीन वाचनांत सोडून दिला. लेखकाने तर नंतर कबूल केले की त्याला ती प्रतिमा संपादकाने घातलेली वाटली आणि आवडली होती.

त्या फॉर्मच्या ५०० प्रती रद्द केल्या. नवी प्लेट आणि कागद मिळून २,६०० रुपये. उरलेल्या फाइलमध्ये ‘र्य’ असलेला प्रत्येक शब्द पुन्हा शोधला. आणखी एक निघाला, ‘सुऱ्या’ऐवजी ‘सुर्या’, सुदैवाने अकराव्या फॉर्ममध्ये, म्हणजे छपाईपूर्वी. हे पुस्तक करणाऱ्या कोणालाही सांगेन की शुद्धलेखन तपासणारी कोणतीही प्रणाली वापरली तरी दर्या, सुर्या, मोर्या असे शब्द वेगळे काढून डोळ्यांनीच पाहावेत.

१३ नोव्हेंबर

मुखपृष्ठे वळली. एकाच बाजूला मॅट लॅमिनेशन असल्यामुळे आर्ट कार्डाची उघडी बाजू हवेतील दमटपणा घेते, लॅमिनेशनची बाजू घेत नाही, आणि कार्ड वाटीसारखे होते. ही कार्डे लॅमिनेशननंतर भिंतीलगत उभी ठेवली होती. बांधणीवाल्यांनी ती चार दिवस वजनाखाली सपाट ठेवून मगच चढवली. पैसे लागले नाहीत, दिवस लागले. शिलाईचा खर्च झेपत नसल्यामुळे बांधणी नुसत्या डिंकाची आहे. पुस्तक पूर्ण उघडून ठेवले तर पाठ कुरकुरते.

२४ नोव्हेंबर

५०० प्रती आल्या. छपाई आणि बांधणी ४६,५०० रुपये, म्हणजे प्रतीमागे ९३. किंमत २५० ठेवली आहे. वेष्टनासह वजन २८१ ग्रॅम भरले. प्रत्येक लेखकाला पाच प्रती, चित्रकार, मुद्रितशोधक आणि प्रेसमधील मंडळींना मिळून सहा, आणि १९५४ च्या कायद्यानुसार कोलकाता, चेन्नई, मुंबई आणि दिल्ली येथील चार ग्रंथालयांना प्रत्येकी एक, अशा ५५ प्रती विनामूल्य गेल्या. ग्रंथालयांच्या प्रती प्रकाशनापासून तीस दिवसांत आणि स्वखर्चाने पाठवायच्या असतात. त्या सहांपैकी एक प्रत समुद्राबद्दल विचारणाऱ्याला दिली.

२० डिसेंबर

ज्ञान पोस्टचा खरा फायदा सुट्या प्रतींत नाही, गठ्ठ्यात आहे. पाच किलोंत वेष्टनासह अठरा पुस्तके बसतात, म्हणजे प्रतीमागे टपाल सहा-सात रुपये. त्यामुळे शाळा आणि वाचनालयांना २०० रुपये दराने गठ्ठे पाठवायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी खिडकीवर ‘हे अभ्यासाचे पुस्तक आहे का?’ असे विचारले गेले. सेवा सामाजिक-सांस्कृतिक साहित्यासाठीही आहे हे दाखवून द्यावे लागले. आता नियमाची छापील प्रत सोबत नेतो.

लातुरात शिकवणी वर्गांची हजारो मुले राहतात. वसतिगृहांत पुस्तक ठेवावे म्हणून चार ठिकाणी फिरलो. तीन ठिकाणी ‘अवांतर वाचनाने लक्ष विचलित होते’ असे ऐकून परत आलो. चौथ्या वसतिगृहाच्या स्वयंपाकीणबाईंनी स्वतःच्या मुलीसाठी एक प्रत विकत घेतली.

१० जानेवारी २०२६

आजपर्यंतचा हिशेब. छपाई ४६,५००, चित्रे १२,०००, मुद्रितशोधन २०८ पानांचे ६,२४०, मानधन १८,०००, फुकट गेलेला फॉर्म २,६००, देवगिरी ३,८००, वेष्टनाचे सामान १,९००. एकूण ९१,०४०, म्हणजे ठरवलेल्या रकमेपेक्षा १,०४० जास्त. अक्षरजुळणी घरचीच असल्यामुळे धरलेली नाही. बाहेरून करून घेणाऱ्याला ती धरावी लागेल.

विक्री : थेट वाचकांना ११८ प्रती, २९,५०० रुपये, टपालखर्च त्यांनी वेगळा दिला. शाळा-वाचनालयांना ९० प्रती, १८,००० रुपये. दुकानांत ४० टक्के कमिशनवर ६० प्रती ठेवल्या, पैकी २३ खपल्या, ३,४५० रुपये. जमा ५०,९५०, खर्चातले अजून ४०,०९० वसूल व्हायचे आहेत. शिल्लक २१४ प्रती आमच्याकडे आणि दुकानांत मिळून आहेत.

दुसऱ्या आवृत्तीसाठी दुरुस्त्यांची वही उघडली आहे. पान ६२ वर एक अनुस्वार सुटला आहे, पान १४७ वरील चित्राचा काळा रंग मागच्या पानावरील दोन ओळी खातो. केजच्या लेखिकेने कळवले आहे की त्यांच्या वडिलांनी कथा वाचून घेतली आणि कंदील सोडताना तो आधी निम्म्यावर थांबवून पाहतात, एकदम तळाला नेत नाहीत, असे सांगितले. तेही वहीत लिहून घेतले आहे.